गावसभेतली भीड

टिल्डन, ९ फेब्रुवारी

चि. डेल्फीनला ऑर्फामावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे? धाकटीला दात आले का? सासूबाईंचा गुडघा थंडीत अजून कुरकुरतो का? आणि तू वेळेवर जेवतेस ना? इथे मी ठणठणीत. पाकासाठी रस काढायला मेपलच्या झाडांना भोकं पाडायची तयारी चालू आहे.

आता भांडण. तुमच्या शिक्षण खात्याचा नवा कायदा येतोय म्हणे. मुलं वाचनात मागे पडली की गावचं शाळामंडळ बरखास्त, शाळेला कुलूप, आणि पोरं बसने दरीखालच्या शहरात! त्यात आपली शाळाही आहे, आणि मसुदा लिहिणारी कोण, तर इथेच अक्षरं गिरवलेली माझी भाची. मंडळाची अध्यक्ष मी आहे, हे तरी आठवलं का गं? आम्ही दर मार्चला गावसभेत उभं राहून गावाला जाब देतो. तुझं खातं कुणापुढे उभं राहतं?

रागावलेली, तरी तुझीच,
मावशी

राजधानी, १७ फेब्रुवारी

ती. ऑर्फामावशीस,
सा. न. वि. वि.

सगळे बरे आहेत. धाकटी नव्या दातांनी मलाच चावते.

मावशी, जाब देता खरा, पण विचारतं कोण? गेल्या मार्चला मी होते ना. बर्फ काढायच्या गाडीवरून गाव तासभर भांडलं. शाळेचा ठराव आला तोवर सभागृहाच्या तळघरातून गावजेवणाच्या बीन्सचा वास सुटला होता. सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं आणि जेवायला पळाले. मुख्याध्यापक व्हिटकम भला माणूस, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. तुला तर नाहीच नाही. आपल्याकडे शेजाऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या अंगणात कचरा टाकणं. आणि आपल्या शाळेत तिसरीतल्या निम्म्या मुलांना पान वाचता येत नाही.

मार्चच्या मध्याला विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी आहे. गाव स्वतःच जाब विचारतं असं दाखवता आलं, तर अशा गावांसाठी दोन वर्षांची मुदत मागेन. नाहीतर मसुदा आहे तसाच जाईल. भाची म्हणून मी त्यात एक शब्द बदलणार नाही.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी आगाऊ,
डेल्फीन

टिल्डन, ४ मार्च

चि. डेल्फीनला आशीर्वाद.

तुझ्या पत्राला रागाने उत्तर लिहायला बसले होते, पण तुझं खरंच होतं, राग टिकला नाही. काल सभेत आधीच ठराव मांडला, की शाळेचं बोलणं होईपर्यंत जेवण नाही. एकच गलका! बर्फाची गाडी चालवणारा लाइल टॅट्रो ओरडला, की ऑर्फाबाई, बीन्स करपतील. मी म्हटलं, करपू देत, पोरांची वर्षं करपताहेत ती दिसत नाहीत का तुला? मग म्हटलं, ज्यांचं तिसरीतलं मूल घरी वाचून दाखवतं त्यांनी हात वर करा. हात असे तुरळक, की माना खाली गेल्या.

व्हिटकम लालबुंद होऊन उठले. म्हणाले, वाचनासाठी वेगळा शिक्षक मी केव्हापासून मागतोय. खातं मंडळाकडे बोट दाखवतं, मंडळ खात्याकडे. तेवढ्यात लाइलने मलाच धरलं, की मग अध्यक्षबाई, तुम्ही काय करत होता? भर सभेत, माझा शेजारी! झोंबलं गं. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

ठरलं ते असं: शाळेच्या नव्या छपराच्या आधी वाचनाचा शिक्षक. आता मार्चपुरतं नाही, दर सत्राअखेर शाळेसाठी सभा, आणि तीत मुख्याध्यापक जाब द्यायला उभे राहणार. दोन वर्षांत पोरं वाचती झाली नाहीत तर मंडळ घरी, आणि पहिली मी. शिवाय वर्षातून एकदा खात्याच्या माणसानेही इथे येऊन उत्तरं द्यायची. ठराव सोबत पाठवलाय. मुदत माग, बिनधास्त.

मावशी

राजधानी, १४ मार्च

ती. मावशीस सा. न.

समितीने मुदत मान्य केली! तुमचा शेवटचा ठराव तर त्यांनी सगळ्या राज्यासाठीच मसुद्यात घातला. खात्याची माणसं आता गावोगाव उभी राहणार. टिल्डनला कुणी जायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा आमचे साहेब माझ्याकडे बघून नुसते हसले. जूनमधल्या सत्राअखेरच्या सभेला येते. उतरेन तुझ्याकडेच.

डेल्फीन

टिल्डन, २० मार्च

चि. डेल्फीनला शाबासकी आणि आशीर्वाद.

माझ्याकडे मुळीच उतरू नकोस. लोक म्हणतील, मावशीने पढवून आणली. तुझी सोय लाइलकडे केली आहे. तो जेवतानाच उलटतपासणी घेईल, तेवढाच सराव. सभेत पहिला प्रश्न माझा, आणि काय ते आधी सांगणार नाही. सभा आटोपली की मात्र थेट घरी ये, यंदाच्या मेपलच्या पाकाबरोबर पॅनकेक घालते.

लाइलकडची गादी कडक आहे. चालेल का, ते उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी