आठव्या ओळीला फक्त पाणी

ता. ८ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

लिंबाची चाळीस झाडं काढून जागा रोपवाटिकावाल्याला द्यायची, हे तू इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलंयस की रागावताही येईना. वडिलांनी ही झाडं लावली तेव्हा तू फ्रॉकच्या घोळात रोपं आणून देत होतीस आणि मी बांधावर बसून कविता पाठ करत होतो. कामाची वाटणी अजून तशीच आहे.

झाडं म्हातारी नाहीत, उपाशी आहेत. मला एक बहर दे. दर झाडाला दोन टोपल्या गांडूळखत घालीन, फुलं येण्याआधी समुद्री शेवाळाचा अर्क फवारीन. गांडुळं आणलीसुद्धा. मान खाली घालून काम करतात. असा वर्ग मला छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत मिळाला नाही.

लोभ आहेच, तो कमी करायला कारण शोधू नकोस.
तुझा दादा

ता. १४ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न.

दिला एक बहर. पण मी औषधांच्या प्रयोगशाळेत जन्म काढलाय. ‘झाडं हसू लागली’ असलं काही लिहून पाठवलंस तर चालणार नाही. कुंपणाकडची आठवी ओळ, पाच झाडं, तिला फक्त पाणी. बाकीच्या सात ओळी तिच्याहून सरस निघाल्या तर झाडं राहतील, नाहीतर नाही.

अर्क लिटरला दोन मिली. ‘अंदाजे पळीभर’ नव्हे. मापाची पिचकारी विकत आण. आणि गांडुळांना कविता म्हणून दाखवू नकोस, पळून जातील.

माझ्यावरची माया मात्र अंदाजेच असू दे.
तुझी धाकटी

ता. २ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न.

सुखरूप पोचले. तिथे केलेली फळांची मोजणी पुन्हा ताडून पाहिली. झाडं लगडलीत, पानं काळीशार हिरवी, सगळं कबूल. पण आठवी ओळही तितकीच लगडलीय. म्हणजे बहर आला तो हवेमुळे, तुझ्या खतामुळे नाही, आणि अशी हवा दरवर्षी मिळत नसते. पंधरा तारखेला रोपवाटिकावाल्याला होकार कळवते.

रागाव, पण जेवत जा.
तुझी धाकटी

ता. ६ ऑगस्ट

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझी मोजणी बरोबर आहे, उत्तर चुकलंय, आणि चूक माझी आहे. आठव्या ओळीला मी खत घातलं. अर्कही फवारला.

पहिले तीन आठवडे काही घातलं नाही, देवाशपथ. रोज सात ओळींपाशी टोपली रिकामी करायची आणि आठवीपुढून खाली बघत जायचं. शेवटी माळ्यानं विचारलं, या ओळीनं तुमचं काय घोडं मारलंय. मागच्या बाकावरच्या कुणाला मी कधी कविता शिकवायची सोडली नाही गं. चौथ्या आठवड्यात घातलं. उशीर झाला म्हणून थोडं जास्तच घातलं.

तू फळं मोजत होतीस तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. मध्ये बोलू नकोस, आकडा चुकेल, असं तू म्हणालीस. मलाही ते सोयीचं वाटलं.

काय ती शिक्षा मला कर.
दादा

ता. ११ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न.

प्रयोग बाद. बाद प्रयोगावरून औषध विकता येत नाही आणि फेकूनही देता येत नाही, आमच्याकडे असाच नियम होता. रोपवाटिकावाल्याला वर्षभर थांबायला सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, भाऊ.

प्रयोग पुन्हा होईल. जानेवारीत मीच येते आणि फळं उतरेपर्यंत राहते. खताची टोपली माझ्या हातात राहील. तुझ्यावर आता अजिबात विश्वास नाही, लोभ तेवढा शिल्लक आहे.
धाकटी

ता. १७ ऑगस्ट

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ये. पूर्वेकडची खोली तुला. तिथली पुस्तकं माझ्या पलंगाखाली जातील.

एकच मागणं आहे. या खेपेला कुठली ओळ उपाशी ठेवायची ते तुझं तू ठरव, मला सांगू नकोस. तू खत घालशील तेवढा वेळ मी घराकडे तोंड करून उभा राहीन.
तुझा दादा