रिव्हॉल्व्हरची सहा घरं

अण्णा, गेल्या महिन्यात मी रिव्हॉल्व्हर बघायला गेले होते. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि "कशासाठी?" एवढंच विचारलं असतं. दुकानदारानेही तेच विचारलं, पण त्याच्याकडे मी नंतर येते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या काळात सांगण्यासारखं बरंच घडलं. आमचं स्वतःचं घर झालं, नात तुमच्या खांद्याच्या वर गेली असती एवढी उंच झाली, पण तुम्हाला पत्र लिहावं असं कधी सुचलं नाही. खरं तर सुचू दिलं नाही. एकोणीस वर्षांची असताना मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते, आणि ते तुम्हाला कळलं होतं की नाही हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ते माहीत नाही तोवर बरं चाललंय, असं मी धरून चालले होते.

इथे न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआला, आमचं घर टेकडीवर आहे. वारा असा की दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या अंगणातून गोळा करून आणावे लागतात. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. गोळ्या ताटलीत ओतायच्या, सपाट सुरीने पाच-पाच करत बाजूला सरकवायच्या, मग दुसऱ्या फार्मासिस्टने त्या परत मोजून सही करायची. हा इथला नियम ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. तुमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात दुसरं काय होतं? कोणाचीही बंदूक आली की घेणाऱ्याने उघडायची, काडतुसांची घरं मोठ्याने मोजायची, मग दुसऱ्याने मोजायची आणि तेव्हाच चिठ्ठी बांधायची. मी इथे दोनदा मोजते, वर तिसऱ्यांदाही. बरोबरच्या मुली चिडवतात. आमच्या हॉस्पिटलमधली सीनियर नर्स, माओरी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, ती तर मला बघितलं की "किआ ओरा, किती झाल्या?" असंच विचारते, किआ ओरा म्हणजे त्यांचा नमस्कार.

या बाईच्या घरचे सगळे शिकारी. तारारुआच्या डोंगरात हरणं आणि रानबोकड मारतात, मांस नातेवाइकांत वाटतात. तिने मला दोनदा हरणाचं मटण दिलं. मी त्याला कांदा-लसूण मसाला लावून रस्सा केला, तो डब्यातून तिला परत नेऊन दिला, तेव्हापासून आमची मैत्री पक्की झाली. एकदा ती म्हणाली, नुसतं खाण्यापेक्षा चल की आमच्याबरोबर. मी बंदुका दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून डोक्यात एकच घेतलं, की न्यायचं तर रिव्हॉल्व्हर न्यायचं. रायफलींशी माझा कधी संबंध आला नाही. माझा हात लहान, खांदा दुखरा. रिव्हॉल्व्हर मात्र मला कळतं. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून मी अमेरिकन लोकांच्या गप्पा वाचायला लागले. तिकडे कितीतरी जण रिव्हॉल्व्हरने हरणं मारतात. नळी किती इंचांची हवी, कुठल्या काडतुसाने जनावर तडफडत नाही, स्वस्तातलं घ्यायचं तर नवं हलकं घ्यावं की जुनं चांगलं, यावर तिथे पानंच्या पानं वाद घातलेले. मी वहीत यादी केली. जुनं चालेल, नळी सहा इंच, चक्रीत सहा घरं, तीनशे सत्तावन्न बोअरचं, कारण त्यात अडतीसची कमी जोराची काडतुसंही चालतात. लेक मागून वाकून बघत म्हणाली, "आई, धिस इज सो नॉट यू." तिला काय माहीत. तुम्हाला मात्र खोटं सांगत नाही, शिकार हे निमित्त होतं. मला रिव्हॉल्व्हर परत हातात धरायचं होतं. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

नऊ वर्षांची असताना मी दुरुस्तीला आलेलं एक रिव्हॉल्व्हर उचलून आईकडे नळी केली होती. नुसता खेळ. तुम्ही माझं मनगट धरून नळी खाली वळवलीत. मारलं नाहीत, पण मनगट दोन दिवस दुखत होतं. मी रडत म्हटलं, सकाळी आपण मोजलं होतं ना, रिकामं आहे. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला तसंच्या तसं आठवतं. "हातात घेतलं की मोजायचं. खाली ठेवून परत उचललं, तरी मोजायचं. मघाशी मोजलं होतं, याला मोजणं म्हणत नाहीत." त्यानंतर तुम्हीच मला शिकवलंत. शाळेतून आले की दुकानात एक फेरी व्हायची. स्क्रूची डोकी बघ, म्हणायचात, डोकी खाल्लेली असली की समजायचं, कुणीतरी न कळणाऱ्याने उघडलंय. आख्ख्या कोल्हापुरात बंदुकीच्या दुकानात मुलीला बसवणारे तुम्ही एकटेच, आणि मी त्या तोऱ्यात वावरायची.

मग मी एकोणीस वर्षांची असतानाची ती खंडेनवमी. तुमचं जुनं गिऱ्हाईक, कॅप्टनसाहेब, त्यांचं रिव्हॉल्व्हर स्प्रिंग बदलायला आलं होतं. मी आणि तुम्ही ते मोजलं, पाटावर मांडलं. बाजूला तुमच्या कानशी, हातोड्या, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. पूजेतलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. दसऱ्याला सकाळी कॅप्टनसाहेब दर्शनाला म्हणून येऊन गेले. दुकानात त्या वेळी कोणी नव्हतं. रिकाम्या शस्त्राला कुंकू लावणं अपशकुन, असं त्यांच्या घरात मानत. त्यांनी पाटावरच चक्री उघडून एक काडतूस घातलं, नमस्कार केला आणि गेले. थोड्या वेळाने तुम्ही बाहेर आलात. मी दाराला तोरण बांधत होते. तुम्ही रिव्हॉल्व्हर उचललंत, कुंकू पुसलंत आणि विचारलंत, "मोजलंस का गं?" मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "हो, सहाही रिकामी." तुम्ही स्वतः का मोजलं नाहीत हे मला अजून कळत नाही. सण होता, गडबड होती. किंवा मी सांगितलं म्हणून. डाव्या हाताने नळी धरलीत आणि स्प्रिंगचा ताण बघायला चाप ओढलात. तोरण माझ्या हातातून पडलं. मी धावले तेव्हा तुम्ही हात छातीशी धरून उभे होतात आणि मला म्हणत होतात, घाबरू नको, आईला आत थांबव.

दोन बोटं गेली. पोलीस पंचनाम्याला आले, कॅप्टनसाहेब रडत येऊन सगळं कबूल करून गेले. त्या सकाळी मी मोजल्यानंतर त्यांनी काडतूस घातलं असणार, असंच सगळ्यांनी धरलं, आणि मी ते तसं धरू दिलं. तुम्ही जबाबात सगळं स्वतःवर घेतलंत, "शेवटचं मोजायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही." परवाना गेला. वीस वर्षांचं दुकान दिवाळीच्या आत बंद झालं. पुढे तुम्ही शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागलात, आठ बोटांनी, घराच्या ओट्यावर बसून. मी फार्मसीला गेले. त्यानंतर तुम्ही माझं मोजलेलं काहीही परत मोजलं नाहीत. किराणा असो, आईच्या गोळ्या असोत, "तू मोजलंस ना, मग झालं." हा विश्वास आहे की शिक्षा, तेवढं कळत नव्हतं, आणि विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं.

न्यूझीलंडला निघाले त्या दुपारी तुम्ही मला ती सागवानी डबी दिलीत. आत ओळीने लाकडी काडतुसं, तुम्ही कानशीने घासून बनवलेली. दुकान होतं तेव्हा असलीच काडतुसं चक्रीत घालून तुम्ही घोडा आपटून बघायचात, म्हणजे नुसत्या पोकळीवर आपटून तो खराब होत नाही. मला हसू आलं. परदेशी जाणाऱ्या मुलीला लोक चटण्या देतात, पापड देतात. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता, लेक कडेवर रडत होती. तुम्ही म्हणालात, "मोजून घे." मी झाकण जरा उचललं, लावलं आणि म्हटलं, "सहा." तुम्ही "बरं" म्हणून आत पाणी आणायला गेलात. ऑकलंडला उतरल्यावर लाकडाची वस्तू म्हणून डबी दाखवावी लागली. तिथल्या माणसाने ती उघडली, कीड नाही ना बघितलं, माझ्या हातात दिली. माझं लक्ष पोरीकडे. नंतर ती कपाटात वरच्या फळीवर गेली, घर बदललं तशी दुसऱ्या फळीवर गेली. मी ती उघडली नाही.

गेल्या महिन्यात ती डबी पर्समध्ये टाकूनच मी हट व्हॅलीतल्या बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदार सत्तरीचा, थंडीतही अर्ध्या चड्डीत. मी परवडणारं, जुनं हवं म्हटल्यावर त्याने तीन रिव्हॉल्व्हरं काढली. प्रत्येक वेळी चक्री उघडून मला दाखवून मग माझ्या हातात दिली. मी प्रत्येकाची घरं परत मोजली, मोठ्याने, मराठीत. तो कौतुकाने बघत होता. पहिलं चकचकीत होतं, स्क्रूची डोकी मात्र खाल्लेली. दुसऱ्याची चक्री घोडा ओढल्यावरही हलत होती. तिसरं सगळ्यात स्वस्त, कातड्याच्या म्यानात घासून नळीचा रंग उडालेला, पण आतून स्वच्छ, स्क्रू जसेच्या तसे. पुष्कळ वागवलेलं, थोडंच उडवलेलं. अण्णा, तुम्हीही तेच उचललं असतंत. मी त्याला विचारलं, लाकडी काडतुसं घालून घोडा आपटून बघू का. तो म्हणाला, जरूर. मी डबी काउंटरवर उघडली आणि एकेक करून घरं भरायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावं घर रिकामं राहिलं. मी डबीत बोट घातलं. सहाव्या खोबणीत तुम्ही कापसाचा बोळा दाबून बसवला होता, बाकीची खडखडू नयेत म्हणून.

मी उभी होते तशीच उभी राहिले. कुठे पडलं असेल, एखादं कमी बनवलं असेल, असं स्वतःला समजावून बघितलं, पण कापूस काही आपोआप जाऊन बसत नाही. दुकानदाराने खुर्ची पुढे केली. मग तुम्ही विचारला असतात तोच प्रश्न विचारला, म्हणजे कशासाठी हवंय ते. मी म्हटलं, हरणाच्या शिकारीसाठी. तो म्हणाला, "नो, लव्ह. नॉट हिअर." या देशात रिव्हॉल्व्हर घेऊन शिकारीला जाताच येत नाही. क्लबचं सभासद व्हायचं, वेगळी परवानगी काढायची आणि क्लबच्या जागेतच नेम धरायचा. हरणाला रायफल. इंटरनेटवर अमेरिकन लोकांचं वाचून इथे येणारी मी पहिली नव्हते म्हणे. एवढी यादी करून गेलेली फार्मासिस्ट, आणि मुळातला कायदाच बघितला नव्हता. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी मी ती पाच काडतुसं काढली, चक्री मोजली, रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन गाडीत बसून रडले.

तुम्हाला माहीत होतं. दसऱ्याच्या सकाळीच कळलं होतं की नंतर कधी, ते राहू दे. निरोपाच्या वेळी तुम्ही मला आणखी एक संधी दिलीत आणि मी तीही घेतली नाही. मी डबी नीट उघडून "अण्णा, पाचच आहेत" म्हटलं असतं, तर तुम्ही पुढे काय बोलणार होतात? तुम्ही काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, याबद्दल मला शंका नाही. ते काय होतं हे आता मला कधीच कळणार नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. तुम्ही रागावणार होतात की जवळ घेणार होतात, तेवढं तरी कळलं असतं. तुम्ही "बरं" म्हणालात, पाणी आणलंत आणि मी गेले.

रायफलच्या परवान्यासाठी मी अर्ज केला. ती नर्सबाई माझ्या बाजूने साक्षीला राहिली. परवा पोलिसांकडून एक ऑफिसर घरी आला, स्वयंपाकघरात बसून चहा घेतला, बंदूक ठेवायचं कुलपाचं कपाट बघितलं. मग विचारलं, घरात कधी बंदुकीचा अपघात झालाय का. तुमचा जबाब मला पाठ आहे. तोच इंग्रजीत सांगितला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी म्हटलं, झालाय, वडिलांना, आणि चूक माझी होती. मी न मोजता मोजलं म्हणून सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, वडिलांना हे माहीत होतं का. मी म्हटलं, हो, माहीत होतं. लेक ओट्याशी उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. ऑफिसर गेल्यावर तिने कप विसळला आणि तुटक्या मराठीत विचारलं, "आजोबा रागावले?" मी म्हटलं, मी विचारलं नाही.

परवाना मिळेल की नाही माहीत नाही. न मिळाला तरी तक्रार नाही. हे पत्र घडी करून डबीत ठेवायचं होतं, पण पाच काडतुसांबरोबर ते मावत नाही, आणि त्यातलं एकही बाहेर काढायचं मनात नाही. म्हणून ते वहीतच राहील, त्या यादीच्या मागच्या पानावर. एक सांगायचं राहिलं. ऑफिसरसमोर मी मोठी खरं बोलणारी झाले, पण त्याला मी फक्त दसऱ्याचं सांगितलं. टॅक्सी दारात उभी असतानाचं सांगितलं नाही, ते लेकीलाही माहीत नाही. मी मोजलं नव्हतं, अण्णा. दोन्ही वेळा.