भोपळ्याला पहिली सुरी

बाबा, तुम्ही मला आणलेलं हॅलोविनच्या कवितेचं चित्रांचं पुस्तक आता माझी मुलगी वाचते. रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीतून तुम्ही सुट्टीला आमच्याकडे अबुधाबीला यायचात, बहुतेकदा हात हलवत. त्या वेळी मात्र पुस्तक आणलंत आणि मला मांडीवर घेऊन वाचलंत. चित्रातल्या सांगाड्यांना, झाडूवर बसलेल्या चेटकिणींना तुम्ही पोटभर हसलात. "शिकलेल्या माणसाने भुतंबितं मानू नयेत," असं आईला ऐकवलंत. ती भोळी, तुम्ही इंजिनिअर.

शेवटच्या पानावर एक चेटकीण भोपळा कोरत बसली होती. शाळेनेही तसाच कोरलेला भोपळा मागितला. आपल्या घरात अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, त्यामुळे आई नेहमी तुमच्या सुट्टीची वाट बघायची. पुढच्या खेपेला तुम्ही एक दिवस उशिरा येणार होतात आणि मी भोकाड पसरलं. आईने ते चित्र पाहिलं. "हिला बरं कुणी अडवत नाही," म्हणाली आणि हसत भोपळा कापला. तिला तसं हसताना मी क्वचितच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दारातच तुम्हाला तो भोपळा दिसला. शेजारच्या काकू बसलेल्या असताना तुम्ही विचारलंत, "घरातला पुरुष मेला का?" आणि भोपळा कचऱ्यात टाकलात. आई चहा टाकायला गेली. त्यानंतर तिने घरात कधी भोपळा आणला नाही, घारगे केले नाहीत. तुम्ही गेल्यावरही नाही. तुमच्यासाठी मी रडले, बाबा, पण याची माफी तुम्हाला नाही. भुतांना हसणारा माणूस बायकोच्या हातातल्या सुरीला भ्यायला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. आज आमच्या जुमेरा लेक टॉवर्सच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर भोपळा होता. "मम्मा, जस्ट कट इट ना!" मुलगी नाचत होती. मी सुरी उचलली. आईसाठी कापायचा, असं सकाळपासून ठरवलं होतं. हात पुढे जाईना. शेवटी नवऱ्याला हाक मारली. तो हेडफोन गळ्यात अडकवून मीटिंगमधून आला. "काय झालं?"

"सुरीला धार नाही रे," मी म्हणाले. सुरी कालच नवीन आणली होती.