दुसऱ्या तबकडीची वेळ

महाड, ८ नोव्हेंबर १९८६

प्रिय दत्ताराम,
सप्रेम जय भीम.

मार्चपासून तुझ्या वडिलांनी तुला एक ओळ धाडली नाही. तात्या रागावलेत असं तू समजत असशील. तसं नाही रे, दोष माझ्या जिभेचा आहे.

वीस मार्चला तू पाठवलेलं घड्याळ बांधून तात्या तुडीलहून चवदार तळ्यावर आले. अभिवादन करून थेट माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. घड्याळांचे आपल्याकडचे दोन शौकीन, महिपत गुरुजी आणि गिरणीवाले सोनबा, नेमके बसलेले. गुरुजी म्हणाले, चावी द्यायची नाही त्या घड्याळात जीव कसला. सोनबांना राखाडी रंग रुचला नाही. शिवाय एका घड्याळात दोन तबकड्या कशाला, माणूस काय दोन ठिकाणी जगतो? मग सगळे माझ्याकडे बघू लागले. वीस वर्षांच्या सवयीने मी ते तळहातावर तोललं. हलकं लागलं, आणि आमच्या धंद्यात हलकं म्हणजे खोटं. मी दीडशहाणा चारचौघांत बोलून गेलो, "तात्या, पोराला कुणीतरी फसवलं. पत्रा आहे हा."

तात्या चहा न घेताच उठले. सगळ्या वाडीला त्यांनी ते कौतुकाने दाखवलं होतं. त्याच दिवशी घड्याळ ट्रंकेत गेलं, आणि पोर फसलं हे तुला कसं लिहावं म्हणून पत्रही थांबलं.

गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच घड्याळाचा माहितीचा कागद पाहिला. टायटॅनियम, विमानात वापरतात तो धातू, पोलादाहून हलका आणि कितीतरी महाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी एसटीने तुडील गाठलं. तात्या खाटेवर होते. पावसाळ्यापासून दम लागतो, पण तुला कळवू देत नाहीत. मी पाय धरून खरं सांगितलं. त्यांनी ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"हलकं हाय तेच बरं. आता हाताला जड पेलवत नाय."

मी सेल बदलला. मोठ्या तबकडीवर इथली वेळ लावली, छोटीवर तुझ्या दुबईची, दीड तास मागे. तुझी बहीण ललिता सांगते, ताट वाढलं की ते आधी छोटी तबकडी बघतात, आणि दत्ता अजून जेवला नसंल म्हणून थांबून राहतात.

काल पुन्हा तुडीलला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते लिहायला हात धजत नाही. निघताना तात्यांनी मनगट पुढे केलं. "श्रीपत, दोनी तबकड्यांची येळ एक कर." मी म्हटलं, ते काम माझं नाही, दत्तारामचं. मिळेल त्या विमानाने ये, आणि तुझ्या हाताने कर.

तुझाच,
श्रीपत