शून्य ते शंभर, मुलीच्या वरातीत

५ जानेवारी, रविवार
नवीन इलेक्ट्रिक गाडीचा खरा खर्च, शोरूमवाल्याने न सांगितलेला: जवळ्याच्या कालवणाचा एक डबा. मागच्या सीटचं कव्हर. आईचं सणाचं लुगडं. शिवाय आईचा माझ्यावरचा विश्वास. तो माझ्या जन्माच्या आधीपासूनचा होता.

घटना साधी. आईला मागे बसवलं. डबा तिच्या मांडीवर, मावशीकडे न्यायचा होता. सोसायटीच्या गेटबाहेर रस्ता चक्क मोकळा. स्पोर्ट मोड लावला. पाय दाबला.

शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत, असं पुस्तिकेत लिहिलंय. आम्ही बेचाळीसपर्यंत पोचलो, मग स्पीडब्रेकर आला. पण बेचाळीसपर्यंत जे झालं ते बघण्यासारखं होतं. कालवण छताला लागलं.

आईने आधी डब्याचं झाकण शोधलं. मग म्हणाली, "इश्राम, गारी म्होरं गेली न माजा जीव मागंच रायला."

हे मी कौतुक समजतो.

संकल्प: १६ फेब्रुवारीला जागृतीचं लग्न. तिला सासरी, डोंबिवलीला, मी स्वतः ह्या गाडीतून नेणार. बाकी ट्रॅफिक असो नसो, माणकोलीच्या पुलावर रस्ता मोकळा मिळतो. तिथे दाबणार. एकुलती एक मुलगी. आपला बाप काय चीज होता ते तिच्या पाठीला कळलं पाहिजे.

८ जानेवारी
वाईट बातमी. जावईबापू साकेत याचा मामा, नयन, डोंबिवलीचा. जमीनजुमला, दोन इमारती, गळ्यात साखळी. त्याच्याकडे पेट्रोलची स्पोर्ट्स कार आहे. लाल. दोन दरवाजे. बारा वर्षं जुनी, पण तो तिच्याबद्दल बोलतो ते पोरीबद्दल बोलावं तसं.

ठरलंय म्हणे, की नवरा-नवरी त्या गाडीतून जाणार. ठरवलं कोणी? मला विचारलं कोणी? बायकोला, मंदाकिनीला, विचारलं तर म्हणाली, वरात त्यांची, गाडी त्यांची, तुम्ही जेवणाचं बघा.

जेवणाचं बघतोच आहे. पण हा अपमान आहे.

९ जानेवारी, दुपारी, वर्कशॉपमध्ये
हिशोबाने विचार केला. लाल गाडी, शून्य ते शंभर: पावणेसहा सेकंद. मोबाइलवर बघितलं. माझी: साडेचार. म्हणजे नयन शंभरला पोचेल तेव्हा मी सव्वा सेकंद तिथे त्याची वाट बघत उभा असेन. सव्वा सेकंदात माणूस काय काय करू शकतो. जांभई देऊ शकतो.

आणि त्या गाडीच्या आवाजाचं कौतुक मला सांगू नका. वागळे इस्टेटला पावडर कोटिंगच्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागलो, आज त्याच गाळ्याचा मालक आहे, ते कानांच्या जोरावर. कंप्रेसरचं बेअरिंग जाणार असेल तर मला आठवडाभर आधी ऐकू येतं. जी मशीन ओरडते ती आतून दुखत असते. चांगली मशीन गप्प असते.

हे वाक्य नयनला ऐकवायचं. लग्नाआधी.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन नयन घरी. मला शेठ म्हणतो. मीही त्याला नयनशेठ म्हणतो, पण माझ्या म्हणण्यात धार असते.

वाक्य ऐकवलं. तो हसला. म्हणाला, शेठ, लिफ्टपण गप्प असते आणि पटकन वर जाते, म्हणून कोणी लिफ्टच्या प्रेमात पडतं का. सगळे हसले. मंदाकिनी सर्वांत जास्त.

मग खाली नेऊन त्याने गाडी सुरू करून दाखवली. फक्त सुरू केली. पार्किंगमधले तीन स्कूटरचे अलार्म वाजले. वरच्या मजल्यावरची पोरं गॅलरीत आली. माझ्या अंगावर काटा आला.

थंडी होती.

१५ जानेवारी
माझ्या गाडीत खोट्या आवाजाची सोय आहे हे आज सापडलं. स्पीकरमधून इंजिनसारखा आवाज काढते. लावून आईला गॅलरीखालून एक फेरी मारून दाखवली. आईने वरून ओरडून विचारलं, मिक्सर कोनी चालू ठेवलाय.

बंद केला. आपल्याला खोटेपणा जमत नाही.

१९ जानेवारी, रविवार
सरावाला सुरुवात. ठरवलेला मार्ग: घर, घोडबंदर रोड, माजिवडा, पुढे माणकोलीचा पूल.

सकाळी अकरा. पहिला सिग्नल. शेजारी दोन रिक्षा, एक टेम्पो, एक जर्मन पेट्रोल गाडी. सिग्नल सुटला. दाबली. सगळ्यांना मागे टाकलं. पुढच्या कंटेनरच्या मागे सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो.

वीस मिनिटांनी रिक्षा शेजारी आली. रिक्षावाल्याने विचारलं, काका, घाई होती का.

पुलापर्यंत पोचलोच नाही. माजिवड्याहून परत. तरी सुरुवातीचे दोनशे मीटर माझेच होते.

२३ जानेवारी
माझे कान तेज आहेत हा काही माझा दोष नाही. जागृतीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती दिशाशी बोलत होती. दिशा म्हणजे माझी पुतणी, वरातीत पाठराखीण म्हणून जाणार आहे. जागृती म्हणत होती, बाबांना खरंच वाटतंय की ते मला सोडायला येणारेत, कोणीतरी सांग त्यांना, माझ्याने नाही सांगवत. पुढे आवाज बारीक झाला. नाक ओढल्याचं ऐकू आलं.

ट्रॅफिकबद्दल बोलत असावी. पोरगी हळवी आहे, बापाला एवढ्या जॅममध्ये गाडी चालवायला लागणार याचं तिला वाईट वाटतं.

२६ जानेवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. नयनला शर्यतीला बोलावलं. आमच्या गाळ्यासमोरची गल्ली, वागळे इस्टेट, सुट्टीमुळे सगळं बंद. कुत्री सोडून कोणी नाही. ठरलं: जो जिंकेल त्याची गाडी वरातीला. नयनने लगेच मान्य केलं. स्वतःच्या गाडीवर एवढा विश्वास असणं बरं नव्हे.

साकेतला रुमाल खाली टाकायला उभा केला. बिचारा दोघांच्या मध्ये उभा, तोंड परीक्षेला बसल्यासारखं.

रुमाल पडला. मी गेलो. काय गेलो! पाठ सीटला चिकटली, चष्मा नाकावरून कपाळावर. गल्लीच्या टोकाला झेंडावंदनाचा मांडव होता, त्याच्या आधी थांबलो. मागे बघितलं. नयन जिथे होता तिथेच. गॉगल पुसत होता.

परत आल्यावर तो म्हणाला, सुरू झाली होती का? मला वाटलं तुम्ही गाडी बाजूला घेताय. काही आवाजच नाही.

साकेतच्या मते परत घ्यायला हवी. नयनच्या मते घ्यायची गरज नाही, कारण वरातीची गाडी काही शर्यतीवर ठरत नसते, तो फक्त माझं मन राखायला आला होता.

निकाल: मी विजयी. इतरांची मतं इतरांपाशी.

२ फेब्रुवारी
गाडीला फुलं लावायला माणूस सांगितला. मंदाकिनीने विचारलं, कोणाच्या गाडीला. म्हटलं, आपल्या. म्हणाली, कशाला. म्हटलं, तयारीत असलेलं बरं.

ती काही बोलली नाही. लग्नाच्या घरात बायको गप्प राहिली तर धोका समजावा, पण मी आनंदच मानला.

रात्री जेवताना मात्र हळूच म्हणाली, "सव्वा सेकंद लवकर पोचवून काय करणार आहात? एवढी घाई कोणाला झालीये तिला पोचवायची?"

अभ्यास नसलेल्या माणसाशी ॲक्सलरेशनवर बोलू नये.

९ फेब्रुवारी, रविवार
आज आईने सरळ विषय काढला. सगळ्यांसमोर. "बापूस कवा पोरीला सोराला जातंय काय? येरा झालास?"

आईला समजावलं. मुलीच्या आई-बापाने वरातीत जायचं नाही ही पद्धत बैलगाडीच्या काळातली. तेव्हा बाप गेला तर परत यायला दुसरा दिवस उजाडायचा, व्याह्यांच्या घरी मुक्काम पडायचा, ते बरं दिसायचं नाही. माझ्या गाडीची रेंज साडेचारशे किलोमीटर. डोंबिवलीला जाऊन-येऊन नऊ वेळा तरी होईल, मुक्कामाचा प्रश्नच नाही.

आई म्हणाली, तुज्या बापसाकं बैलगारीच व्हती. जागृतीच्या आत्तीला सासरी धारली तवा दारातल्या बाजेवर बसून रायला. उठला नाय.

बाबा मिठागरावर राबलेले. पाय दुखत असतील.

१२ फेब्रुवारी
जागृतीला गाडीतून चक्कर मारून आणली. फक्त आम्ही दोघं. कॉलेजला असताना तिला स्कूटर शिकवली होती ते ती सांगत होती. मी सारखा मागून धावायचो आणि म्हणायचो, हळू, हळू. मला हे आठवत नाही. मी असं कधी म्हणणार नाही.

एक मोकळा तुकडा मिळाला. म्हटलं, दाबू? म्हणाली, नको ना बाबा, गप्पा मारू.

तिला पुलावर सरप्राइज द्यायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी
हळद. स्पीकर एवढे की माझ्या कानांचीही सुट्टी. नाचलो. नयनही नाचला. नाचता नाचता त्याच्या कानात ओरडून सांगितलं, सव्वा सेकंद! त्याला वाटलं मी नाच म्हणतोय, तो आणखी नाचला.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
लिहायचं म्हणून लिहितो.

लग्न चांगलं झालं. जेवण संपलं नाही, उरलंही नाही.

चार वाजता वरात निघाली. पुढे बँजो पार्टी, त्याच्यापुढे नाचणारी अर्धी डोंबिवली, मागे लाल गाडी. जागृती शालू सांभाळत आत बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले. त्या गाडीत मागची सीट म्हणजे पिशवी ठेवायची जागा. दिशाला मागच्या दुसऱ्या गाडीत पाठवलं. माझी गाडी फुलं लावून कोपऱ्यात उभी. मी तिच्याजवळ. तयारीत.

हॉलच्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत अंतर थोडंसंच. बँजोने तासभर घेतला. दोन पावलं पुढे, एक मागे, मग कोणाला तरी खांद्यावर, मग नवऱ्याच्या मित्रांना नागीण. लाल गाडी त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. मला आवाजावरूनच कळलं. पंखा सारखा सुरू, आवाज बदलला, मग एक बारीक शिट्टी. आठवडाभर आधी नाही, पण पाच मिनिटं आधी ऐकू आलं. कोणाला सांगितलं नाही.

मग बॉनेटमधून वाफ. बँजो थांबला. ज्या गाडीला वाऱ्यासारखं पळायची सवय, तिला माणसांच्या मागून चालणं जमेना.

नयन घाम पुसत माझ्याकडे आला. "शेठ, तुमची गाडी लागेल."

ह्या क्षणासाठी मी दीड महिना वाट बघितली होती. मी दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. सीट मागे-पुढे केली. आरसा नीट केला. साकेत आणि दिशा मागे बसले. जागृती बसली नाही. माझ्या खिडकीशी उभी राहिली.

मी स्पोर्ट मोड लावला होता.

"बाबा, चावी मामांना द्या."

काही बोललो असेन. रेंजबद्दल बोललो असेन.

"तुम्ही घरी जा ना. आजी एकटी आहे."

आजी एकटी नव्हती. आजी हॉलमध्ये तिसरी जिलेबी खात होती, तिच्याभोवती पंधरा बायका होत्या. जागृतीला ते दिसत होतं. मलाही दिसत होतं.

उतरलो. चावी दिली. नयनने दोन्ही हातांनी घेतली, ती त्याची रीत मला आवडली, हे नोंदवून ठेवतो. मग सगळे रडले. मी नाही. मी नयनला सांगत होतो की ब्रेकचा पाय हलका ठेव.

रुमाल शोधायला खाली मान घातली. वर केली तेव्हा गेटपाशी नुसती झेंडूची फुलं पडलेली. चाळीस वर्षं मशीन ऐकलेले माझे कान. ती गेली कधी, मला ऐकूच आलं नाही.

लाल गाडी गेली असती तर माजिवड्यापर्यंत ऐकू आली असती.

हॉलबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. बसलो. मंदाकिनी येईपर्यंत उठलो नाही. पाय दुखत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी नयन गाडी परत घेऊन आला. धुऊन. त्याची अजून गॅरेजमध्ये आहे. म्हणाला, शेठ, तुमची गाडी तासन् तास मुंगीच्या चालीने चालते आणि तापत नाही, वरातीला अशीच पाहिजे. पुस्तिकेत हा गुण कुठे लिहिलेला नाही. मीही कोणाला सांगितला नव्हता.

जागृतीचा फोन. जेवलात का, आजीची गोळी कुठे ठेवलीये ते आईला सांगा. गाडीचा विषय नाही. मीच काढला. पुलावर रस्ता मोकळा होता का? होता म्हणाली. अगदी रिकामा. मग? मग काय, मामा विचारत होते, दाबू का. मी म्हटलं हळू घ्या, आत्ता तर निघालोय.

फोन ठेवल्यावर मोबाइलवर कालच्या प्रवासाची नोंद उघडली. गाडी सगळं लिहून ठेवते.

हॉल ते डोंबिवली. कमाल वेग: ताशी अडतीस किलोमीटर.