खुडायची राहिलेली फळं

उंब्रज,
१९ सप्टेंबर

सौ. संयोगिता वहिनींना शिवतेजचा नमस्कार.

हे पत्र गणपतीच्या आधीपासून टाळतोय. आज लिहू, उद्या लिहू करत पेनच हरवलं. नवीन आणायला बाहेर पडलो आणि स्टँडवर मित्राचा टेम्पो दिसला तसा त्यात बसून तासगावला गेलो. माझं तुम्हाला माहीतच आहे. फोनवर लिहिलं असतं तर तुम्ही वाचून गप्प राहिला असता आणि मी त्या निळ्या खुणा बघत बसलो असतो. पत्राचं बरं असतं, वाचलं की नाही ते कळत नाही.

तब्येत कशी आहे? म्हसवडला पाऊस झाला का? तासगावला मी द्राक्षाच्या बागेत कामाला होतो, मग मिरजेला एका मांडववाल्याकडं. तिथं जमलं नाही. त्याची बायको आमटीत गूळ लय घालायची. ते जाऊ दे.

दादा बरा आहे. म्हणजे जेवतो. भाकरी थापतो, पण कडा फाटतात.

भोपळ्याचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षीचा तो मोठा, तुम्ही गेल्यावर वाढलेला, कोरेगावच्या प्रदर्शनात पहिला आला. चौघांनी गोणपाटावर धरून गाडीत चढवला होता. लोक शेजारी उभं राहून फोटो काढत होते. एका बाईनं आपलं तान्हं पोर त्याच्यावर बसवलं आणि सगळे हसायला लागले. दादा चहा घेऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. नाव त्याचं पुकारलं, ढाल मी घेतली. शोधत गेलो तर स्टँडवर बसलेला, भलत्याच गावाच्या गाडीसमोर.

त्याच भोपळ्याचं बी यंदा लावलंय. दादानं सगळं रीतीनं केलं. संध्याकाळी मादी फुलं दोऱ्यानं बांधून ठेवली, पहाटे नर फूल हातानं फिरवलं. पण पुढचं केलं नाही. एवढा मोठा भोपळा हवा तर वेलावर एकच फळ ठेवायचं आणि बाकीची लहान असतानाच खुडायची, हे तुम्हाला मी काय सांगू. यंदा धरली तेवढी सगळी वेलावर आहेत. एकमेकांना खेटून वाढलीत, एकही मोठं होणार नाही.

परवा शेजारचे जोतिबाअण्णा बांधावरनं दादाला म्हणाले, "जयराज, परदर्शनाला पाठवायचीत का आठवडी बाजाराला? खुड की रं."

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. त्यांनी काय केलंय."

"भोपळ्यानं आनी काय करायचं असतंय, गड्या?" अण्णा हसले. मग दादाचं तोंड बघितलं आणि तंबाखू मळत निघून गेले.

वहिनी, त्या दिवसाचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

कराडच्या दवाखान्यातून आपण आलो. गाडी मी चालवत होतो, तुम्ही दोघं मागं. तुम्ही पायरीवर बसलात म्हणून मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर येतो तर दादा वेलात वाकलेला. दवाखान्यातले कपडेसुद्धा बदलले नव्हते आणि एकेक बारकं फळ खुडून पाटीत टाकत होता. तुम्ही बघत होता. मी तांब्या धरून उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माहेरी जायला म्हसवडची एसटी धरलीत. बरेच दिवस दादा सगळ्यांना सांगत होता, विश्रांतीला गेलीय.

अण्णा गेल्यावर मी विचारलंच. "दादा, तवा खुडायची काय घाई हुती?"

 मग म्हणाला, "ती गुंगीत हुती. नर्सनं फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिली. मुलगी हुती. मीच माती दिली. घरी आल्यावर हातांचं काय करावं कळंना. वेलाचं तेवढं कळत हुतं."

 पुढं म्हणाला, "पोरीचं नाक हिच्यावर गेलं हुतं. हिला दावलं न्हाई कुणी. मी बघितलंय, ते हिला कसं सांगू?"

परत या असं मी लिहीत नाही. ते लिहिणारा मी कोण? पण वहिनी, तिला बघितलेला माणूस तो एकटाच आहे. एकदा त्याच्या तोंडून ऐका. मग हवं ते ठरवा.

इथवर लिहिलं आणि दारात टेम्पो येऊन थांबला. तुमचे तात्या आलेत. दादाला वाटलं तुम्हीही आलाय, तसाच अनवाणी पळाला. मागं फक्त दोरखंड आणि पोती. तात्या खाली बघून म्हणाले, "संयोगिताचं कपाट आन् भांडी न्यायला आलोय, जयराज."

दादा म्हणाला, "आवं तात्या, आधी च्या घ्या. मग भरू."

तात्या ओसरीवर बसलेत. दादा आत कपाटातल्या तुमच्या साड्या एकेक काढून, घडी मोडू न देता, खाटेवर ठेवतोय. पत्र तात्यांच्याच हाती देतोय.

अजून तरी तुमचाच दीर,
शिवतेज