बारसे पुढच्या रविवारी

श्री

बोईसर
रविवार, ता. ७ जानेवारी १९६८
सकाळचे साडेसात

ती. रखमाताईस,
नामदेवचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

स्टोव्हवर भात ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे. अक्षर मध्येच बिघडले तर भात उतू गेला असे समजावे.

हंसाला नारगोळास, तिच्या माहेरी, २९ डिसेंबरला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मेहुण्याने कार्ड गुजरातीत लिहिले होते. मला गुजराती बोलता येते पण लिपी नीट लागत नाही, म्हणून ते मी आमच्या स्टोअरासमोरच्या दाणेवाल्या शेठकडून वाचून घेतले. त्यांनी मुलीचे वजनही सांगितले. नंतर पाहतो तर कार्डात वजन नव्हतेच. ते त्यांनी आपल्या अंदाजाने सांगितले होते.

सव्वा महिन्याने, ४ फेब्रुवारीच्या रविवारी, नवापूरला आपल्या घरी बारसे करायचे आईने ठरवले आहे. नाव आत्याने ठेवायचे, आणि मला बहीण तू एकच, म्हणून तुला लिहितो. आपल्याकडे आणि नारगोळला, दोन्ही भाषांत चालेल असे नाव मला हवे आहे. कारण सांगतो, हसू नये. लग्नात आईने हंसाचे नाव बदलून हौसा ठेवले. दोन वर्षे झाली. आई हौसा म्हणून हाक मारते तेव्हा हंसा ओ देते, पण आधी जरा थांबते, दुसऱ्या कोणाला बोलावले की काय ते बघितल्यासारखी. आपली मुलगीही दर वर्षी आजोळी जाणार. ती एका घरी एक आणि दुसऱ्या घरी दुसरीच होऊ नये, एवढी इच्छा आहे.

धर्माजी भावोजींना जाऊन येत्या होळीला वर्ष होईल. तू पालघरच्या बाजारात पुन्हा मासळीची पाटी घेऊन बसू लागलीस हे ऐकून बरे वाटले आणि काळजीही वाटली.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढल्यास माझी हरकत नाही.

तुझा धाकटा भाऊ
नामदेव

ता. क. भात खाली लागला.


शिरगाव
११ जानेवारी

चि. नामदेव यास रखमाचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पावलं. पोरगी झाली, फार बरं झालं. मी चौथी पास हाय, वाचायला मला शेठ लागत नाय. पण तुझं अक्षर एवढं नीट, की वाचताना पायातली चप्पल काढून बसावंसं वाटतं.

एक गंमत बघितली. मागल्या वर्षीपर्यंत तू 'ती. सौ. रखमाताईस' लिहायचास. आता सौ. गेलं. गं. भा. लिहायला तुझा हात होत नाय, म्हणून मध्ये दोन अक्षरांची जागा कोरी सोडलीस. राहू दे तशीच. मला चालते.

नावांचं म्हणशील तर दोन्हीकडं चालतील अशी नावं पुष्कळ हायत, पण ती कुणी ना कुणी आधीच वापरून खराब करून ठेवलीत. लीला म्हणावं तर रामाकाकाची होडी लीला, ती दर हंगामात गाळात रुतते. शांता म्हणावं तर खळ्यावर बोंबील वाळवताना जिनं आईचे केस धरले ती शांता. सविता मला आवडतं, पण तू शाळेत असताना सविता नावाच्या पोरीला चिंचा नेऊन द्यायचास, ते मी हंसाला सांगितलंय. तेव्हा तेही गेलं. बघते आणखी.

झबलं शिवायला घेतलंय. कुणी तिकडं येणारा भेटला की त्याच्या हाती पाठवीन. भात करताना पत्र लिहू नको.

लोभ हाय. बोंबलासारखा वाळवून ठेवलाय, टिकेल.

तुझी बहीण
रखमा


श्री

बोईसर
रविवार, ता. २१ जानेवारी १९६८

ती. रखमाताईस,
नामदेवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. चिंचांबद्दल हंसाला सांगायची गरज नव्हती. ती मला नारगोळहून कार्डात विचारते आहे.

नावांची चौकशी चालू आहे. गेल्या रविवारी नारगोळला जाऊन मुलीला पाहून आलो. नाक आपल्या आईचे आहे. रंग कोणाचा ते अजून ठरत नाही. सासूबाईंना मी मंदाकिनी हे नाव सुचवले. त्या म्हणाल्या की एवढे पूर्ण म्हणेपर्यंत मुलगी विहिरीपर्यंत पोचलेली असेल. त्यांनी सुचवलेली नावे मी आईला सांगितली. आई म्हणाली, ही काय माणसांची नावे आहेत, ही पेढीवरची नावे आहेत. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही हे एका अर्थी बरे आहे.

आता मुख्य गोष्ट. तू झबले पाठवीन असे लिहिलेस. आणीन असे लिहायचे होते असे मी धरून चाललो आहे. आईला विचारले की पाळण्याजवळ ताईच उभी राहणार ना. ती चिमणीत तेल आहे का ते बघू लागली. मग म्हणाली की शेजारच्या येसूबाईला सांगितले आहे, ती सवाष्ण आहे, चार मुलगे आहेत, आणि आवाजही खणखणीत आहे. मी म्हणालो की नाव कानात सांगायचे असते, आवाजाचे काय करायचे. आई म्हणाली की मग ती खणखणीत कुजबुजेल.

मला येसूबाई नको आहे. तिच्याविरुद्ध काही नाही. ती मुलीची आत्या नाही, एवढेच. तू येणार ना, ते एका ओळीत कळवावे.

लोभात काटछाट करू नये.

तुझा
नामदेव


शिरगाव
२५ जानेवारी

चि. नामदेव यास अनेक आशीर्वाद.

एका ओळीत कळव म्हणालास. मी येणार नाय. ही झाली ओळ.

आता आईवर रागावून बसू नको. ती वाईट नाय, ती घाबरते. आणि खरं सांगू का, मी पण घाबरते. पाळण्यावर मी वाकले आणि उद्या पोरीला साधी शिंक आली, तरी सगळा पाडा माझ्याकडं बघेल. पाड्याचं जाऊ दे, मलाच वाटेल की माझ्यामुळं आली. दिवाळीत भाऊबीजेला मी आले नाय आणि तुला ताप भरला. तुला ताप आला म्हणून वाईट वाटलं, पण आधी मनात हेच आलं, की सुटले, मी तिथं नव्हते. असं मन घेऊन बारशाला कशाला यायचं?

नाव मात्र मी काढलंय. आपल्याकडं नाव कसं हाय ते कागदावर कळत नाय, हाक मारल्यावर कळतं. म्हणून भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहून, होड्यांकडं तोंड करून, एकेक नाव ओरडून बघितलं. जमना मासळी निवडत होती, ती म्हणाली रखमाला वारं लागलं. मंदाकिनी अर्ध्या वाटेत पडतं. नलिनी पाण्यावर विरतं. चंपा मात्र थेट जातं. लांबच्या होडीतला माणूस जाळं सोडून वळला. त्याच्या घरी कुणी चंपा नाय, तरी वळला. इकडं चंपाबाय म्हणा, तिकडं चंपाबेन म्हणा, पोरगी तीच राहते.

येसूबाईला सांग, तिनं कानात सांगावं. काम तिचं, नाव माझं. झबलं तिकडं निघालेल्या जानूच्या हाती पाठवलंय. गुंड्या घट्ट लावल्यात, ओढून बघू नको.

लोभ हायच, विचारू नको.

रखमा


श्री

बोईसर
सोमवार, ता. ५ फेब्रुवारी १९६८

ती. रखमाताईस,
नामदेवचा शि. सा. न. वि. वि.

काल बारसे झाले नाही. घाबरू नये, मुलगी सुखरूप आहे. जे झाले ते माझ्यामुळे झाले.

सासूबाई वेळेवर आल्या. पाळणा बांधला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, येसूबाई नवे लुगडे नेसून पाळण्याशी उभी होती. सासूबाईंनी मला गुजरातीत विचारले की ही बाई मुलीची फई का. फई म्हणजे आत्या. मी सांगितले, नाही, फई शिरगावला असते. त्या म्हणाल्या की बरे, ज्याला करायचे त्याने करावे, पण लवकर आटपा, मुलीला भूक लागली आहे.

आईने मला विचारले की विहीणबाई काय म्हणतात.

ताई, तुला माहीत आहे, मी स्टोअरात जो माल येईल तोच लिहितो. कमी नाही, जास्त नाही. पण आईला मी सांगितले की विहीणबाई म्हणतात, सख्खी आत्या असताना दुसरीने ठेवलेले नाव आमच्यात धरत नाहीत.

आईचा चेहरा उतरला. तिने हळूच सांगितले की रखमाची परिस्थिती त्यांना समजावून सांग, अशा बाईला पाळण्याजवळ उभे करत नाहीत. मी सासूबाईंना सांगितले की आई म्हणते, फईची बस चुकली, बारसे पुढच्या रविवारी केले तर चालेल का. त्या म्हणाल्या की चालेल, मी तोवर राहते, पण आधी मुलीला पाजू द्या. मी आईला सांगितले की त्या म्हणतात, सवाष्ण की विधवा ते आम्ही बघत नाही, आत्या बघतो, आणि आठ दिवस थांबायला तयार आहोत.

एवढे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की दोन्ही भाषा येणारे आणखी एक माणूस खोलीत आहे. हंसा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितले. तेवढ्यात आईने तिलाच विचारले की हौसा, हे खरे का गं. हंसा म्हणाली, खरे आहे. आणि आपल्या मनाने पुढे जोडले की तिच्या मामाच्या मुलीचे नाव सख्ख्या आत्याला वगळून ठेवले होते, ती पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

नंतर मी तिला विचारले की ही मामाची मुलगी कोणती. ती म्हणाली, मला मामाच नाही.

तेव्हा रविवार, ता. ११ रोजी यावे. आईने आपल्या तोंडाने सांगितले आहे की रखमाला लिही, सकाळच्याच बसने ये म्हणावे, आणि चांगले लुगडे नेसून ये म्हणावे. हे भाषांतर नाही, तिचेच शब्द आहेत. शिंकेचे म्हणशील तर मुलीला परवापासून सर्दी आहे. ती तू येण्याच्या आधीची आहे. मी आईला आणि येसूबाईला दोघींना दाखवून ठेवली आहे.

लोभाची अडचण कधीच नव्हती. बसची होऊ देऊ नये.

तुझा
नामदेव


श्री

बोईसर
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९६८

ती. रखमाताईस,
नामदेवचा शि. सा. न. वि. वि.

काल तू संध्याकाळच्या बसने गेलीस. पोचल्याचे कळवावे. आईने डब्यात घुगऱ्या दिल्या होत्या, त्या आंबण्याआधी खाव्यात.

सासूबाई आज सकाळी नारगोळला परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या की तुमच्याकडे रीत फार कडक, एका फईसाठी आठ दिवस बारसे थांबवता, हे आवडले. इकडे आई येसूबाईला सांगत होती की नारगोळची माणसे रीतीला फार पक्की. दोघींचे एकमेकींविषयी मत चांगले झाले आहे. ते दुरुस्त करण्याची मला घाई नाही.

येसूबाई थोडी रुसली आहे. तिच्या नव्या लुगड्याचे दोन रविवार गेले असे ती म्हणते. चंपाची सर्दी आज उतरली. आई म्हणाली, हवा बदलली. मग थोड्या वेळाने म्हणाली, रखमाला लिहिताना सर्दी उतरल्याचे लिही. म्हणून लिहिले.

एक विचारायचे राहिले. नाव दोन अक्षरी, आणि तू तिच्या कानाशी बराच वेळ वाकून होतीस. येसूबाईच्या मते तू रडत होतीस. हंसाला भीती वाटली की ऐन वेळी नाव विसरलीस. खरे काय ते कळवावे, म्हणजे दोघींना एकच उत्तर देता येईल.

लोभ आहे, आणि आता त्यात चंपाचाही धरावा.

तुझा
नामदेव


शिरगाव
१५ फेब्रुवारी

चि. नामदेव यास, सौ. हंसास आणि चि. चंपास रखमाचे आशीर्वाद.

पोचले. घुगऱ्या बसमध्येच संपल्या, शेजारी बसलेली बाई फार बोलकी होती.

रडत नव्हते. नाव पण विसरले नव्हते. आधी तिला माझं नाव सांगितलं. मग गाव सांगितलं, मग कोणाची कोण ते सांगितलं. मग तिचं नाव सांगितलं. कुणी अनोळखी बाई येऊन कानात काहीतरी सांगून गेली, असं पोरीला वाटून कसं चालेल?

लोभ ठेव. बाकी सगळं ठीक हाय.

चंपाची आत्या
रखमा